बिनखिशाचा शर्ट

शाळेचे गणवेश शिवणाऱ्याला दिवसातून कितीदा तरी गुडघ्यावर बसावं लागतं. लोकांच्या हे ध्यानात येत नाही. पोरं ती केवढीशी. त्यांच्या पँटची उंची घ्यायची तर आपणच खाली जायला हवं. त्या जूनमध्ये, दुकानात पाय ठेवायला जागा नाही अशा गर्दीत, मी तिसरीतल्या एका पोराचं माप घ्यायला खाली बसलो आणि मला उठताच येईना. एका हातात टेप, दुसरा काउंटरच्या कडेला. जोर लावला की धाप लागायची आणि परत खाली. पोराची आई ओरडली, "अहो, धरा की त्यांना कुणीतरी!" आमचे कटिंग मास्तर धावत आले, त्यांनी काखेत हात घातला, मागून एका गिऱ्हाइकानं रेटा दिला, आणि ज्वारीचं पोतं उभं करावं तसं मला उभं केलं. पोरगं हसलं नाही. हसलं असतं तर परवडलं असतं. त्यानं आईला हळूच विचारलं, "ह्यांना काय झालंय?"

काय होणार? जाड झालो होतो. साखर, बीपी, गुडघे, झोपेत श्वास अडकणं, सगळी वरात मागोमाग आली होती. डाएट म्हणाल तर सगळी करून झाली. गरम पाण्यात लिंबू पिळून पिळून दात आंबले, वजन जागचं हललं नाही. लग्नही त्यातच राहिलं. अक्कलकोटकडच्या एका मुलीचा मामा बघायला आला होता. जाताना जिन्यात, मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "पोरगा चांगलाय हो, पण पलंगावर पोरीला जागा कुठं उरतीय?" मुडदा बशिवला त्याचा! तेव्हापासून मीच स्थळं बघायला मनाई केली. भवानी पेठेत खाली दुकान, वर दोन खोल्या, आणि घरात आम्ही दोघंच, मी आणि अप्पा.

अप्पा म्हणजे माझे वडील. सगळा जन्म सूतगिरणीत गेला. गिरणी बंद पडली, पण कापसाचा धुरळा छातीत राहिला तो राहिलाच. बोलणं मोजकं. आमच्या घरात पूर्वी कानडीही असायची, अव्वा, म्हणजे आई, गेल्यावर ती हळूहळू संपली. एक प्रश्न तेवढा अप्पा अजून कानडीत विचारतात. दुकान बंद करून मी वर आलो की म्हणतात, "ऊट आतेन?" जेवलास का. मी जेवलेलो नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, स्वयंपाक त्यांनीच केलेला असतो. तरी विचारतात.

गर्दी ओसरल्यावर मी गुपचूप एका मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर पोटाचं चित्र काढलं, त्यावर उभी रेघ मारली आणि म्हणाल्या, "एवढी पिशवी काढून टाकायची. उरते ती नळीसारखी."

"म्हणजे आल्टर करायचं," मी म्हणालो.

त्या हसल्या. "तसंच समजा. फक्त हे परत उसवून सैल करता येत नाही."

आतमध्ये जास्तीचं कापड सोडलेलं नसतं, एवढं मला कळलं. मग त्यांनी सांगितलं, आधीचे दोन आठवडे फक्त पातळ घ्यायचं, म्हणजे लिव्हरवरची चरबी उतरते. श्वासाचा व्यायाम करायचा. आणि शेवटी म्हणाल्या, "घरचं एक माणूस लागेल. सहीला आणि सोबत थांबायला. शेजारी नको, दुकानातलं कुणी नको. घरचं. त्याशिवाय आम्ही ऑपरेशन करत नाही. आहे ना कोणी?"

"आहे की," मी म्हणालो. बाहेर येऊन स्कूटरला किल्ली लावली आणि तसाच बसून राहिलो. कोण आहे?

बहीण आहे, जेऊरला दिलेली. मनानं लोणी, पण तोंडाला झाकण नाही. तिला सकाळी सांगावं तर दुपारपर्यंत अख्ख्या करमाळा तालुक्याला कळणार. आधी रडणार, मग देवाला बोल लावणार, आणि शेवटी मलाच म्हणणार, "अण्णा, जरा कमी खाल्लं असतंस तर?" हे एक वाक्य मला कुणाच्याही तोंडून ऐकायचं नव्हतं. चहाच्या टपरीवरचे मित्र मला हत्ती म्हणतात. प्रेमानंच म्हणतात, मीही सोंड हलवून दाखवतो. पण त्यांना कळलं असतं तर आयुष्यभर एकच ऐकावं लागलं असतं, की तोंड आवरेना म्हणून गडी पोट कापून आला. कटिंग मास्तर भला माणूस. त्यांनाच भाऊ म्हणून उभं करावं असंही मनात आलं, पण त्यांची नमाजाची टोपी आणि माझ्या कपाळावरची विभूती बघून डॉक्टरीणबाईंनी काय मानलं असतं!

राहिले अप्पा. आणि अप्पांना तर सांगायचंच नव्हतं. अव्वाला पित्ताशयातल्या खड्यांसाठी नेलं होतं. साधं ऑपरेशन म्हणाले होते. ती आत गेली ती बाहेर आलीच नाही. तेव्हापासून आमच्या घरात ऑपरेशन हा शब्द कुणी काढत नाही, टीव्हीवर आला तरी अप्पा उठून गॅलरीत जातात. त्या माणसाला कुठल्या तोंडानं सांगायचं की आता मी जातोय, तेही आपल्या हौसेनं?

म्हणून मी काय केलं, तारीख घेऊन टाकली. माणसाचं नंतर बघू.

त्याच दिवसांत अप्पांचा खोकला वाढला होता. छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, जुनंच आहे, नवीन काही नाही, औषध घ्या. ते मी अप्पांना सांगितलं. पण सांगितलं कसं, तर जिना चढताना धापा टाकत, लक्ष सगळं माझ्या दवाखान्याच्या फोनकडे, त्यांच्या तोंडाकडे न बघता: "काही नाही हो, जुनंच आहे." ते "बरं" म्हणाले. विषय संपला, असं मी समजलो.

पातळ सुरू करायचा दिवस आला. संध्याकाळी वर गेलो तर ताटात गरम भाकरी, शेंगाची चटणी, वर तेलाची धार, आणि वाटीभर हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर. मला आवडते म्हणून खास गहू सडून केलेली. अप्पांनी विचारलं, "ऊट आतेन?"

काय सांगणार? तोंडात येईल ते बोलून गेलो. "आजपासून उपास आहे, अप्पा. सिद्धेश्वराला नवस बोललोय. दोन आठवडे ताक, डाळीचं पाणी, दूध, एवढंच."

बोललो आणि माझ्या हुशारीवर मीच खूश झालो. आमच्याकडे नवस बोलला की तो फिटेपर्यंत कशासाठी ते सांगायचं नाही. सांगितलं तर फळ जातं, आणि विचारणाऱ्यालाही दोष लागतो. म्हणजे कुणी विचारायचीही सोय नाही! अप्पांचा हात हुग्गीच्या वाटीवर तसाच थांबला. माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी वाटी उचलली, झाकली आणि म्हणाले, "बरं. घेतलायस तर नीट कर."

त्या दिवसापासून त्यांनी मला जेवणाचं विचारणं बंद केलं.

लोकांनी सोडलं नाही. समोरच्या काकूंना दोन दिवसांत कळलं. त्या दुकानात आल्या, पदर सावरून माझ्याकडे डोळे भरून बघितलं. "धन्य आहे हो तुमची. एवढं खाणारं माणूस, आणि अन्न सोडलंत. कुणासाठी चाललंय ते कळतंय हो आम्हाला, बोलत नाही एवढंच." मला वाटलं, बाईला लग्नाचं वाटतंय. म्हटलं, वाटू दे. उलट जरा लाजल्यासारखंही केलं. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

ते दिवस लई वाईट गेले. भूक एक वेळ सोसते. दुपारी कोपऱ्यावरच्या भज्यांचा वास यायचा, मास्तर डबा उघडायचे, मी पाठ करून काज-बटणं करत बसायचो. दवाखान्यातून दिलेली प्रोटीनची पावडर बटणांच्या डब्यांमागं लपवलेली. ती दुधात कालवून ट्रायल रूमचा पडदा ओढून प्यायचो. तिथंच श्वासाचा व्यायाम. एक प्लॅस्टिकचं खेळणं दिलं होतं, त्यात तीन निळ्या गोळ्या; नळीतून श्वास ओढला की गोळ्या वर चढतात. समोर आरसा. पडदा ओढून, भिंतीला टेकून, एवढा थोराड माणूस तोंडात नळी घालून गोळ्या वर चढवतोय! तिसरी गोळी एकदाची वर गेली तेव्हा मी मागं वळून बघितलं, कुणाला तरी दाखवावी म्हणून. मागं हँगरला लावलेले शाळेचे शर्ट होते.

भीती वाटत होती. हे मी कुणाजवळ बोललो नाही, म्हणून इथं बोलतो. आत गेलो आणि अव्वासारखा बाहेर आलो नाही तर? फोनवर डॉक्टरीणबाईंच्या मदतनीस मुलीला मी दर वेळी बजावायचो, "ऑपरेशनचं घरी कुणाला कळता कामा नये हं." ती म्हणायची, "पण सर, घरचं माणूस?" "येतंय, येतंय," असं म्हणून मी फोन ठेवायचो. तारीख जवळ येत चालली आणि माणूस काही येईना.

अप्पा मात्र वेगळेच वागायला लागले होते. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि ते भरणं हे अप्पांचं खातं. मला त्यात कधी हात लावू दिला नाही. एक दिवस पाणी आलं तर मला दुकानातून वर बोलावलं. "बघून घे. आधी पिण्याचं पिंप. तोटीला हे फडकं बांधायचं, पहिल्या धारेला माती येतीय. मग न्हाणीतलं. कॉक अर्धाच उघड, पुरा सोडला की शेजारच्यांचं पाणी तुटतंय, मग ती बाई भांडतीय."

"हे मला कशाला? तुम्ही आहात की," मी करवादलो. पोटात कावळे ओरडत होते.

"असू दे की. ठावं असावं," ते म्हणाले.

मग एका सकाळी धोतर नेसून तयार. म्हणाले, "जेऊरला जाऊन येतो. पोरीला बघून लई दिस झालं." मला बरंच झालं, त्या दिवशी माझी दुर्बिणीची तपासणी होती. म्हणजे एकाच दिवशी बाप रेल्वेनं लेकीकडे आणि मी घशातून नळी घालून घ्यायला दवाखान्यात. रात्री बहिणीचा फोन. "अण्णा, अप्पांना काय झालंय रे? जेवले नाहीत नीट. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला तो काढेचनात. गाडी आली तरी काढेनात." माझा घसा दुखत होता. म्हणालो, "म्हातारपण गं. दुसरं काय?"

ऑपरेशनला दोन-तीन दिवस राहिले असतील. अप्पा दुपारी दुकानात उतरले. दुकान वीस-पंचवीस वर्षांचं, पण त्यांनी कधी माझ्याकडून काही शिवून घेतलं नव्हतं. पेठेतल्या त्यांच्या जुन्या शिंप्याकडेच जायचे. म्हणाले, "मला एक शर्ट शिव. पांढरा. तुज्या हातचा."

मी टेप लावला. बापाच्या अंगाला असा हात लागून किती वर्षं झाली असतील! छाती केवढी उरली होती. मी मास्तरांना आकडे सांगत होतो. अप्पा समोर भिंतीकडे बघत सरळ उभे, फोटोला उभे राहतात तसे. म्हणाले, "खिसा नको."

"खिशाशिवाय शर्ट? चष्मा कुठं ठेवणार? तपकिरीची डबी?"

"न्हाय लागत आता. साधा शिव."

म्हाताऱ्याची लहर म्हणून मी शिवला. कॉलर बसवताना मास्तरांनी शर्ट उचलून बघितला, उलटा केला, सुलटा केला. "सेठ, जेब भूल गये क्या?"

"नको म्हणालेत."

मास्तरांनी शर्ट हळूच खाली ठेवला. "बिना जेब का तो एकीच कपडा रहता, सेठ," ते म्हणाले. "आखरी का."

"गप बसा हो मास्तर, काहीही काय बोलताय!" मी त्यांच्यावर खेकसलो. खेकसलो आणि हातातली सुई तशीच राहिली. फडकं. पिंप. बहिणीच्या डोक्यावरचा हात. समोरच्या काकूंचे भरलेले डोळे. मी शर्ट काखेत मारला आणि जिना चढलो. मधे कुठंही थांबलो नाही; तसा जिना मी कधी चढलो नव्हतो.

अप्पा खिडकीत बसले होते. मी धापा टाकत उभा राहिलो. "अप्पा, खिसा का नको?"

"उगं."

"उगं नाही. सांगा."

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला. मग एकदम शांतपणे म्हणाले, "किती दिस ऱ्हायल्यात तेवढं सांग. बाकी काय इचारत न्हाय."

"कुणाचे?"

"माजे. फोटूत काय निगालं ते तू सांगितलं न्हाईस. मीबी इचारलं न्हाई. मग तू नवस धरलास. फोनवर आपरेशन म्हनतोस, घरी कळू देऊ नका म्हनतोस. ते फुंकायचं खेळनं तुज्या टेबलाखाली बघितलं मी. छातीचंच हाय ते, आमच्या गिरनीतल्या एकाला दिलं हुतं. मला फसवू नको, पोरा. मी घाबरत न्हाय. पर आपरेशन नको. तुजी अव्वा गेली तशी मला न्हेऊ नको. हितंच जाऊ दे."

मी खाली बसलो. फरशीवरच, मग उठता येईल न येईल. "अप्पा, तुम्हाला काही नाही. देवाशपथ काही नाही. ऑपरेशन माझं आहे." आणि मग सगळं सांगितलं. तिसरीतलं पोरगं, पोटाची नळी, पावडर, दुर्बीण, तारीख. नवस खोटा, हेही सांगितलं. माणूस मिळत नाही, हेही. बोलता बोलता रडायला लागलो, चांगला हुंदके देऊन, एवढा धिप्पाड माणूस.

आधी अप्पांचा चेहरा सैल झाला, मला वाटलं हसतात. मग ते भडकले. "आरं, मी हितं रोज मरतोय! पोरीचा निरोप घिऊन आलो की रं मी! आन तू खाली पडदा लावून दूध पितोस?" खोकला आला, तो थांबेना. मी भिंतीला धरून कसाबसा उठलो, पाणी दिलं. ते प्यायले, भांडं हातातच धरून बसले.

मग हळू म्हणाले, "भ्या वाटत हुतं. पर खरं सांगू? जरा बरंबी वाटत हुतं. माजं पोरगं, ज्याला अर्धी भाकर कमी पडली तर चालत न्हाय, ते माज्यासाटी उपाशी ऱ्हातंय. कुनी केलं असतं? रोज सकाळी उठून तेच आटवायचो." भांडं खाली ठेवलं. "तेबी माजं न्हवतं म्हन की."

खालून मशीनचा आवाज येत होता. मास्तरांनी काम सुरू ठेवलं होतं.

मी म्हणालो, "नको असेल तर नाही करत ऑपरेशन. रद्द करतो." खरंच म्हणालो. त्या क्षणी ते नको म्हणाले असते तर मी फोन केला असता, आणि पुन्हा कधी कुणाच्या पँटची उंची घ्यायला खाली बसलो नसतो.

ते उठले. आत गेले. बराच वेळ अव्वाच्या फोटोपुढं उभे होते, मला पाठच दिसत होती. बाहेर आले आणि फरशीवर पडलेला शर्ट उचलला. "तुजी अव्वा गेली तवा मी भाईर च्या प्यायला गेल्तो," ते म्हणाले. हे मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. "आता उटनार न्हाय बाकावरनं. ह्याला खिसा लाव. मोटा लाव. तितं चष्मा कुटं ठिवू?"

पांढरं कापड त्या शर्टापुरतंच होतं, तुकडाही उरला नव्हता. मी माझा एक पांढरा शर्ट काढला आणि त्याच्या पाठीतून खिशाचा तुकडा कापला. मास्तर "अरे सेठ, सेठ" म्हणत राहिले. रंग थोडा वेगळा पडला, धुतलेलं कापड आणि कोरं कापड एक दिसत नाही.

ऑपरेशनच्या सकाळी रिक्षातून उतरलो तेव्हा मी अप्पांचा हात धरला होता की त्यांनी माझा, हे सांगता येणार नाही. दवाखान्याच्या दारातला तो फिनेलचा वास आला आणि ते क्षणभर थांबले. मीही थांबलो. मग तेच पुढं झाले. आत लांब बाक होता, त्यावर ताठ बसले. सिस्टर बाहेर आली, माझं नाव पुकारलं आणि इकडंतिकडं बघत म्हणाली, "पेशंटच्या घरचं कोण आहे?"

अप्पांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि उभे राहिले.

"मी हाय की," ते म्हणाले.